कोट काढायची घाई

३ फेब्रुवारी, मंगळवार

— आधी कपबशा विसळल्या, मग पांढरा पडदा इस्त्री केला. पडदा म्हणजे स्टुडिओत माणसाच्या मागे लावायची चादर. तिच्यावर एखादी सुरकुती राहिली की हे म्हणायचे, "गिऱ्हाइकाच्या डोक्यातून फांदी फुटलीय बघ!" मग आरसा पुसला, कंगवा धुतला, कोट झटकला. तो काळा कोट! गावातल्या निम्म्या पुरुषांचे फोटो त्याच एका कोटात आहेत. बारीक माणसाला मागून चिमटे लावायचे, जाड्याची बटणं उघडीच ठेवायची. हे कॅमेऱ्यामागे, मी कोटामागे. अशी एक सकाळ. विशेष काहीच नव्हतं तिच्यात. आज तीच का आठवावी?

कदाचित आज शटर उघडलं म्हणून. हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

धाकटे भावजी आले होते. दुकान दोघा भावांच्या नावावर. शेजारचा औषधवाला भाड्याने मागतोय. "वहिनी, महिनाअखेरपर्यंत चालवून बघा. जमलं तर दुकान तुमचंच. नाही जमलं तर मग हट्ट नको." माणूस वाईट नाही. मी म्हटलं, बघते.

ते गेल्यावर कॅमेरा बाहेर काढला. बोटभर धूळ. मऊ फडक्याने कोपरा न् कोपरा पुसला. लख्ख!

४ फेब्रुवारी, बुधवार

कुणी आलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिलं गिऱ्हाईक. बँकेतली शिपाईण, ओळखपत्राला फोटो हवा होता. छापणं-कापणं इतकी वर्षं माझ्याकडेच होतं, ते डोळे मिटून येतं. पण फोटो! चेहरा काळवंडलेला आणि मागचा पांढरा पडदा राखेसारखा. बाई म्हणाल्या, "अहो, मी इतकी सावळी नाही हो!" पुन्हा काढला. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "राहू द्या, येईन परत." परत येणाऱ्या बायका असं म्हणत नाहीत.

घरी आले. आमटीत मीठ दोनदा पडलं. कुणाला सांगायचं? खाल्ली तशीच.

९ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालयातून छायाचित्रणाचं जुनं पुस्तक आणलंय. माझी शाळा लवकर सुटली, वाचायला शिकले ती वाणसामानाच्या पुड्यांवर. तेव्हा अवघड शब्दाला मी भीत नाही, पण ह्या पुस्तकाने घाम फोडला. उद्भासन! तीनदा वाचल्यावर कळलं — कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा, ते. मग तसं सांगायला काय झालं होतं?

पण एक गोष्ट कळली. कॅमेऱ्याला वाटतं की जग करडं आहे. समोर भरपूर पांढरं दिसलं की तो दचकतो, उजेड फार झाला समजतो आणि सगळंच काळोखं करून टाकतो. म्हणून पांढऱ्या पडद्यापुढे त्याला आपण सांगावं लागतं, घाबरू नको, थोडा जास्त घे. त्यासाठी वर एक चकती असते, अधिक-उण्याच्या खुणांची.

पाहिली. आमची चकती शून्यावर.

आणि मग आठवलं. त्या दिवशी पुसताना बोटाखाली कट-कट वाजलं होतं. ह्यांनी ती वर्षानुवर्षं एका जागी लावून ठेवली असणार. ह्या पडद्यासाठी, ह्या दिव्यांसाठी. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हाही ती तिथेच होती. मी पुसली!

स्वच्छतेची हौस भारी मला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चकती किती पुढे होती ते कळायला मार्ग नाही. दिवसभर फिरवून बघितली. समोर बसवायला माणूस नाही, म्हणून खुर्चीवर कोट टांगला आणि त्याच्यावर चेहऱ्याच्या जागी उशी. एका खुणेने पडदा पांढरा होतो, दोन केल्या की उशीच नाहीशी होते. एकीच्या जरा पुढे ठेवलीय. ह्यांची खूण नाही ही. माझी आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन, चेहरा दिसणारा. "आई, फोन खाली कर, नुसतं छत दिसतंय!" खाली केला. "आता हनुवटीच! फोटोवाल्याची बायको ना गं तू?" हसली. मीही हसले. मग तेच. "एकटी काय करतेस तिथे? इकडे ये." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! तिच्याकडे दोन खोल्या, जावई, सासूबाई आणि शिवाय कपडे धुवायचं यंत्र स्वयंपाकघरात. मी कुठे मावणार? पण म्हणते मनापासून.

"काय करतेस?" तिने परत विचारलं.

"उजेड बघते," म्हटलं. तिला वाटलं असेल, आई भ्रमिष्ट झाली.

पण खरंच बघते. सकाळी उजेड दारातून तिरका येतो आणि माणसाचा एकच गाल उजळतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की दुसराही उजळतो, पण कमी, आणि तेच बरं दिसतं. खुर्ची भिंतीला टेकवली तर मानेमागे सावली पडते. पुढे ओढली की सावली जमिनीवर गळून जाते. ह्या खुर्चीचे पाय जमिनीवर घासून घासून चार खळगे पडलेत. मी रोज झाडत होते त्यांच्यावरून. बघितले नव्हते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मोबाइल डब्याला टेकवून स्वतःचं चित्रण केलं — पुस्तकात म्हणतात, सराव स्वतःवर करा. नाव सांगितलं, दुकानाबद्दल चार वाक्यं बोलले. मग पाहिलं. नजर भिंगाकडे नाहीच, मोबाइलच्या पडद्यावरच्या स्वतःच्याच तोंडाकडे! एखाद्याशी बोलताना त्याच्या चष्म्यात आपले केस नीट करावेत, तसं. पुन्हा केलं, भिंगाजवळ टिकली एवढा कागद चिकटवून. नजर बसली. पण मी बसले होते चौकटीच्या एका कडेला. बाकी अर्धी चौकट रिकामी. पुस्तकात ह्याला चांगलं म्हणतात, माणूस बघतो त्या बाजूला जागा सोडावी.

जागा भरपूर आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीन गिऱ्हाइकं. फोटो बरे! चेहरे दिसतात, कुणी काळवंडत नाही, हात हलत नाही. कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि श्वास सोडता सोडता दाबायचं. पण सगळे फोटो कसे? पोलिसांनी धरून आणल्यासारखे. तिघांनी पैसे दिले, एकाने "बरा आहे" म्हटलं. बरा!

ह्यांच्या फोटोत माणसं अशी नव्हती. लोक म्हणायचे, "साहेब, मी असाच आहे की हो!" काय करायचे हे? विनोद नाही सांगायचे. हसा म्हणायचे नाहीत. कमी बोलणारा माणूस. मी तिथेच उभी असायचे, हातभर अंतरावर. आणि मला माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कळलं.

नळदुरुस्तीवाला आला होता, परवान्याला फोटो हवा म्हणून. आडदांड माणूस, कोट खांद्यात अडकला. बसला तो दात घट्ट आवळून. मी म्हटलं, "डोळे इकडे, हनुवटी जरा खाली." काढला. दगड. पुन्हा काढला. दगड. शेवटी कंटाळून म्हटलं, "झालं!"

आणि त्याचा चेहरा उतरला — उतरला म्हणजे पडला नाही, सैल झाला. खांदे खाली आले, ओठ सुटले, डोळ्यांत माणूस आला. माझं बोट बटणावरच होतं. दाबलं गेलं.

तोच फोटो! "अरे वा," तो म्हणाला, "हा तर मी!"

तो गेल्यावर मी त्याच खुर्चीवर बसून राहिले. ह्यांचंही हेच होतं. हे "झालं!" म्हणायचे आणि तरी कॅमेऱ्याशी खाटखूट करत राहायचे. मला वाटायचं, बंद करतायत. मी लगेच पुढे — चिमटे सोड, कोट काढ, पुढच्याला बसव. आणि हे खेकसायचे, "अगं थांब ना जरा! तुला कसली एवढी घाई?" माझ्या कामाचं कौतुक नाही ते नाही, वर ओरडा! कितीदा रुसले असेन त्यावरून. एकदा तर दोन दिवस बोलले नव्हते. तेव्हाही त्यांनी सांगितलं नाही, की बाई, माझा फोटो खरा आत्ता सुरू होतो. मीही विचारलं नाही, थांबू कशाला?

असे आम्ही दोघे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

काल एक गोष्ट लिहायची टाळली. लिहिते.

दवाखान्यात नर्सनेही तोच शब्द वापरला होता. हळू आवाजात. "झालं, ताई." आणि ह्यांचा चेहरा असाच सैल झाला होता, कपाळावरची आठी गेली होती. त्या चेहऱ्याला मी इतके महिने भीत होते. डोळे मिटले की तोच यायचा. मला वाटायचं, तो मरणाचा चेहरा.

आता वाटतं, तो त्यांचाच होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शिवणकाम करणारी एक बाई आली. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि सरकारी कार्डासाठी नवा फोटो मागतायत. "रिक्षात घालून आणू का? उचलायला दोन माणसं लागतील. रडते ती हलवलं की."

ह्यांचा नियम होता, फोटो दुकानातच. उजेड आपला, पडदा आपला. मी तिला तोच ऐकवला. ती मान हलवून वळली. पायरीपर्यंत गेली.

"उद्या येते मी," म्हटलं. तिथला उजेड कसा असेल कुणास ठाऊक!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. कोपऱ्यात शिलाई यंत्र, खिडकीशी पलंग. पलंगावर आजी, मुठीएवढी.

"ही कोण?" आजी.

"फोटोवाली, आई."

"बाईमाणूस? कोट आणलाय का? तुमच्या दुकानात कोट घालतात."

"तुम्हाला कोट कशाला, आजी?"

"थंडी वाजते म्हणून."

लेक हसू दाबायला दुसरीकडे बघायला लागली. मी पलंग थोडा फिरवून घेतला, म्हणजे खिडकी आजींच्या बाजूला आली. पाठीला उश्या लावल्या. लेकीने मागे चादर ताणून धरली, भिंतीपासून दूर. माझ्याकडचा पुठ्ठा आजींच्याच मांडीवर ठेवला, उजेड हनुवटीखाली पोचावा म्हणून. चकती पुन्हा फिरवली. तिथली चादर पिवळट होती, आमच्या पडद्याइतकी पांढरी नव्हती. म्हणजे खूण थोडी मागे. कुणाला न विचारता कळलं मला!

"हलू नका हं, आजी."

"मेल्यावर काढ. मग अजिबात हलणार नाही."

"आई!" लेक ओरडली, चादर हलली.

काढले दोन-चार. तोंड मिटून, सरकारी. मग मी म्हटलं, "झालं!" आणि थांबले. थांबले! हात कुठे पुढे केला नाही.

"झालं?" आजी म्हणाल्या. "इतक्यात? मग बस ना गं जरा. कुणी बसतच नाही, येतात ते उभ्याउभ्या." आणि माझ्याकडे वर पाहिलं. तो घेतला.

बसले. चहा झाला. आजींनी विचारलं, "तुझ्या घरी कोण?" सांगितलं. त्यांनी अरेरे केलं नाही, हात हातात घेतला नाही. नुसतं विचारलं, "मग रात्री बोलतेस कुणाशी?" मी म्हटलं, वहीशी. "वही उत्तर देते का?" "नाही." "मग बरं आहे. माझे हे द्यायचे!"

इतकी हसले की बरगडी दुखली. उन्हं कलली तरी तिथेच. लेक म्हणाली, आमच्याच इमारतीत आणखी दोघं आहेत असे, पडून असलेले. आणि पलीकडच्या गल्लीत एक घड्याळवाले काका, पाय मोडलेला. कुणी जातच नाही त्यांच्याकडे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात दोन गिऱ्हाइकं. मधला सगळा वेळ खुर्चीकडे बघत बसले. तिच्यावर कुणी नव्हतं. कॅमेऱ्यामागेही नव्हतं. मी मात्र हातभर अंतरावर, ठरलेल्या जागी उभी! हसूच आलं. कुणाचा कोट काढायला थांबलेय मी?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

भावजी उद्याऐवजी आजच आले. भिंतीवर लावलेले नवे फोटो बघत फिरले. आजींच्या फोटोपाशी थांबले. वाकून जवळून बघितला. मग, "दादाने काढलाय का हा?"

"नाही. मी."

चष्मा पुसला त्यांनी. "वहिनी, औषधवाल्याला मी नाही सांगतो. दुकान ठेवा तुम्ही. माझी काही घाई नाही."

ह्याच वाक्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता. ते ऐकलं. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. पाणी दिलं त्यांना, आणि म्हटलं, उद्या सांगते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी भावजींच्या घरी जाऊन दुकानाची किल्ली दिली. म्हटलं, औषधवाल्याला हो सांगा. मग कॅमेरा पिशवीत घातला आणि घड्याळवाल्या काकांकडे गेले.