मोज्यांखालच्या टाचा

३ मार्च, सोमवार
झालं! जखमा मोजायचं काम माझ्याच गळ्यात. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना इथे आल्यावर पडून-पडून ज्या जखमा होतात, त्यांचा खरा आकडा काढायचा. वॉर्डांचे कागद सांगतात, शंभरात दोन. अधीक्षक म्हणाले, "तुमच्या वॉर्डात तीन वर्षं शून्य, सिस्टर. तुमच्याशिवाय कोण?" खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

५ मार्च
पद्धत ठरली. कागद बघायचाच नाही. एकाच दिवशी प्रत्येक पेशंटला कुशीवर वळवायचं आणि डोळ्यांनी पाहायचं – कंबर, माकडहाड, टाचा. आपला वॉर्ड आपण तपासायचा नाही. माझ्याकडे येणार तक्रारपेटी! शेजारच्या वॉर्डाची सिस्टर. दर महिन्याला सगळ्यांत जास्त जखमा हिच्याकडे. आधी स्वतःच्या पायाखाली काय जळतंय ते बघावं.

१० मार्च
मोजणी झाली. कंबरेचा काटा ढिला. आकडा उद्या.

११ मार्च
दोनशे बारा पेशंट, चौतीस जणांना जखमा. येतानाच जखम होती अशी नोंद असलेले धरलेच नाहीत. शंभरात सोळा!

त्यातले सात माझे. बावीसपैकी सात. तक्रारपेटीला नाही नाही ते बोलले – "आकस आहे तुझ्या मनात!" ती म्हणाली, "चल, दाखवते."

कोपऱ्यातले पोस्टमन काका. टाचा घासू नयेत म्हणून सगळ्यांना मऊ मोजे घालायची कल्पना माझीच. केवढी मिरवली होती! तिने मोजा उतरवला. टाच काळी पडलेली, कडेने पू. वाससुद्धा.

"काका, बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, मोजा काढायचा नसतो. पोरी रोज वरून हात लावतात नि 'ठीक' लिहितात ना."

कागदावर वीस दिवस 'त्वचा ठीक'. काल काय लिहिलंय ते बघून आज लिहिलेलं. खाली माझी सही. तक्रारपेटी रोज स्वतः मोजे काढून बघते, म्हणून तिला सापडतात. इतकं साधं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ मार्च
अधीक्षक म्हणाले, "तुमचे सात घरूनच जखमा घेऊन आले, असं लिहा. झाकली मूठ सव्वा लाखाची." हो म्हणून आले. भित्री कुठली!

१४ मार्च
माझ्याच वॉर्डात झालेल्या जखमा म्हणून सात लिहिले. सातच. खाली सही केली. अधीक्षक बोलत नाहीत.

१७ मार्च
पोस्टमन काकांना ताप. जखमेतले जंतू रक्तात गेलेत.

१९ मार्च
काका गेले.

२० मार्च
काकांचा मुलगा त्यांचे कपडे न्यायला आला. सगळं सांगायचं ठरवूनच समोर गेले. तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला – "सिस्टर, घराजवळच्या हॉस्पिटलात खाट मिळत होती. पण तुमच्या वॉर्डात कुणाला जखमच होत नाही असं ऐकलं, म्हणून बाबांना मुद्दाम इथे आणलं."