उसनी पावलं

पहाडगंज, नवी दिल्ली
५ नोव्हेंबर १९६९

आले बाई एकदाची दिल्लीत! पुण्याच्या स्टेशनावर आईनं डोळ्याला पदर लावला, पण मला मनातून नाचावंसं वाटत होतं. सरकारी नोकरी, तीही राजधानीतल्या संग्रहालयात, प्रदर्शन विभागात सहायक! दिनकरराव आणि सुमित्राबाईंच्या घरी गच्चीवरची खोली मिळाली आहे. इथे तिला बरसाती म्हणतात. मी जिना चढत होते तेवढ्यातच सुमित्राबाईंनी विचारलं, पोहे करू की पराठे, आणि शेवटी दोन्ही केले. खाली घाऊक बाजाराचा गलका, मागच्या अंगाला मराठी शाळेतली प्रार्थना. एवढ्या लांब येऊन कानावर आधी मराठीच पडलं, याचं मला फार हसू आलं.

स्वातंत्र्यानंतर देशभरात जमिनीतून जे जे निघालं त्याचं मोठं प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. लोथलचे मणी, नागार्जुनकोंड्याचे शिल्पपट, सगळं माझ्या हाताखालून जाणार. आई इथे असती तर तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.

७ नोव्हेंबर

मेलं माझं नशीबच फुटकं! महाराष्ट्राचं दालन कोणाकडे आहे, तर चंद्रप्रभेकडे. एम.ए.ला ही माझ्याच बाकावर बसायची. तीन वर्षांपूर्वी भीमेकाठी पिंपळदरीच्या उत्खननाला आम्ही दोघी होतो. तिथे दोऱ्या बांधून जमिनीचे चौकोन पाडतात आणि ज्याच्या चौकोनात जे निघेल ते त्याचं. माझ्या वाट्याला राख आणि खापरं. हिच्या वाट्याला, माझ्या दोरीपासून हातभर पलीकडे, तीन हजार वर्षांपूर्वीची बाई! हातभर! दोरी जरा पलीकडे बांधली असती तर आज आमचे संचालक बक्षीसाहेब ‘सुनंदाजी, सुनंदाजी’ करत माझ्यामागे फिरले असते.

तो सांगाडा मातीच्या ढेपेसकट उचलून आणून मधल्या दालनात उघड्या लाकडी पेटीत ठेवला आहे. पाटीवर चंद्रप्रभेचं नाव. ती पाटी सरळ लागली आहे की नाही ते बघायचं काम माझं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१२ नोव्हेंबर

त्या बाईला पावलं नाहीत. घोट्यापासून तोडलेली आहेत. त्या वस्तीत माणूस मेलं की घराच्याच जमिनीखाली पुरायचे आणि आधी पावलं तोडायचे. मेलेल्यानं उठून भलतीकडे जाऊ नये म्हणून, असं चंद्रप्रभेचं म्हणणं. बक्षीसाहेबांना वेगळीच काळजी. उद्घाटनाला येणाऱ्या मंत्रीसाहेबांना वाटेल, आम्हीच आणताना मोडली. मी ताबडतोब म्हटलं, मी प्लास्टरची पावलं करून देते. चंद्रप्रभा एकदम ताडकन उठली. म्हणाली की हे खोटं आहे, त्या लोकांनी जे मुद्दाम काढलं ते आपण जोडायचं नाही. वा गं वा! माझं नाव पाटीवर येईल म्हणून पोटात दुखलं, दुसरं काय. साहेब ‘बिल्कुल, बिल्कुल’ म्हणाले, ते मला. पाटीवर खाली एक ओळ येणार : पावलांची प्रतिकृती, सुनंदा आठल्ये. तिचं तोंड असं उतरलं की मला दुपारचा डबा गोड लागला.

१५ नोव्हेंबर

एकेक हाड घडवत बसले तर महिना जाईल. म्हणून अख्खी पावलंच करायची ठरवली आणि साचा सरळ माझ्याच पावलांचा घेतला. माप इतकं बरोबर जुळलं की मलाच नवल वाटलं.

रात्री जेवताना सांगितलं. सुमित्राबाई दिनकररावांच्या दुसरेपणाच्या. गळ्यात वारलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. नवी साडी आधी त्याला दाखवतात, मग नेसतात. ऐकून त्या हातातली पोळी तव्यावर टाकायच्या थांबल्या. म्हणाल्या, मेलेल्या बाईला दुसरीचं काही बघवत नाही, आणि तू तिच्या चालण्याची सोय करून देतेस! मी म्हटलं, मला तर जिवंतपणीच बघवत नाही, आमचं छान जमेल. दिनकररावांना ठसका लागला.

२० नोव्हेंबर

पावलं बसवली. पांढरीशुभ्र, नखांसकट. काळपट हाडांच्या टोकाला अशी दिसतात की येणारा जाणारा थबकतो. सुतारसुद्धा रंधा ठेवून बघत होते. चंद्रप्रभेकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. आज माझ्या जिवाला फार फार बरं वाटलं.

दिल्लीची थंडी मात्र भारी. दोन दोन मोजे घालूनही पाय गार.

२४ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. मधल्या दालनाच्या फरशीवर पावलांचे ठसे होते. अनवाणी, खडूसारखे पांढरे. सांगाड्यापासून दारापर्यंत गेलेले, परतलेले नाहीत. एका ठशावर माझं पाऊल ठेवून बघितलं. माझंच.

प्लास्टर सांडलं असेल, मीच कधीतरी मोजे काढून वावरले असेन. ओल्या फडक्यानं पुसून टाकले.

२६ नोव्हेंबर

पुन्हा. आज दाराबाहेर, व्हरांड्यातून, थेट चंद्रप्रभेच्या टेबलापर्यंत. टेबलाशी येऊन थांबलेले. तिथे बराच वेळ उभं राहिल्यासारखा प्लास्टरचा भुगा पडला होता.

खरं लिहिते. मला भीती वाटली, आणि भीतीच्या आत बरं वाटलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे गेली. पावलं काढून टाकायला किती वेळ लागतो? पण मग साहेबांना काय सांगू? चंद्रप्रभेचं बरोबर होतं असं? ती त्या पातळ ओठांनी हसेल. नाही जमणार मला. ठसे पुसले. तिला काही बोलले नाही.

२९ नोव्हेंबर

चंद्रप्रभा जिन्यावरून पडली. भरदुपारी, माणसांच्या वर्दळीत. दोन्ही घोटे मोडले आहेत. कोणीतरी ओरडत आलं तेव्हा मी मधल्या दालनात होते. आधी पेटीकडे बघितलं. पावलं जागेवर होती. टाचांना जिन्याच्या लाल दगडाची भुकटी होती.

ती मी पुसली.

१ डिसेंबर

दालन माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, उद्घाटनाला मंत्रीसाहेबांना तुम्हीच माहिती द्या. आईला पत्र लिहायला बसले आणि मध्येच थांबले. पायाला टाचणी लागली होती, खोलवर, आणि मला कळलंच नाही. ओढून काढली. रक्त नाही.

२ डिसेंबर

उद्घाटन झालं. हार, फोटो, टाळ्या. मंत्रीसाहेबांनी विचारलं, ही कोणी शोधली? मी ‘आम्ही’ म्हटलं. चंद्रप्रभेचं नाव घेतलं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. तीसुद्धा. कवटी उजव्या कुशीकडे वळलेली असते, मीच ठेवली आहे तशी. आज ती माझ्या बाजूला —

नाही. गर्दीत धक्का लागला असेल.

३ डिसेंबर

हॉस्पिटलात गेले. चंद्रप्रभा रडली नाही, भांडली नाही. म्हणाली की जिन्यावरच्या पडद्याखाली दोन पावलं दिसली. मला वाटलं तू उभी आहेस, म्हणून मी हाक मारली. पडदा हलला. पावलांच्या वर कोणी नव्हतं. मग तिनं हळूच विचारलं, सुनंदा, तुला माहीत होतं का?

मी नाही म्हटलं.

मला माहीत होतं.

४ डिसेंबर

पावलं काढायला गेले. निघत नाहीत. हाड कुठे संपतं आणि प्लास्टर कुठे लागतं ते दिसत नाही आता. हातोडी उचलली — हात लावला तर ऊब. ताप असल्यासारखी ऊब. शाळेची पोरं बघत होती. साहेब धावत आले, ओरडले, पागल हो गई हैं क्या. मला घरी पाठवलं. दोघांनी धरून टांग्यात बसवावं लागलं.

मोजे काढले. घोट्याखाली पांढरं. नखांसकट पांढरं. वाजवून बघितलं तर टकटक आवाज —

५ डिसेंबर

उभं राहता येत नाही. दुपार आहे. सुमित्राबाई बाजारात, दिनकरराव ऑफिसात. शाळा सुटली वाटतं, गलका नाही.

काल त्या बाईला सगळे बघत होते, आज कोणाला बघतील? मला वाटलं होतं तिला चंद्रप्रभा सलते. चंद्रप्रभेकडे काही उरलं नाही. हार माझ्या गळ्यात पडला, आता तिला मी सलते.

नुसत्या पायांवर भागायचं नाही तिचं. माझं तरी कुठे भागलं असतं?

जिन्यावर कोणीतरी —

अनवाणी. सावकाश. सुमित्राबाई नव्हेत, त्या चपला —

मला कडीपर्यंत सरपटत जाता येईना. हात जड झालाय. बोटांची टोकं पांढ —

दाराशी. थांबली. उंबऱ्यावर माझीच पावलं दिसताहेत. वर बघणार नाही मी, वर नाही —

कोणी तरी चंद्रप्रभेला सांगा, तिचंच बरोब