बोटीवर न्यायची बॅग

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २००६

आदरणीय तानाआक्का आणि आण्णा,

कोल्हापूरहून दादासोचा दोघांना सविनय जयभीम. मी इकडे ठीक आहे. आक्कांचा गुडघा आता कसा आहे, तेल रोज चोळलं जातंय की नुसतंच बाटलीत मुरतंय, ते कळवावं. आण्णांचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो, कारण हे पत्र नेहमीप्रमाणे तेच अंगणात बसून खड्या आवाजात वाचणार आणि निम्मी गल्ली ऐकणार. (आण्णा, कंस आला की आवाज उतरवावा. कंसातला मजकूर फक्त घरच्यांसाठी आहे.) एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला घनसाळ तांदूळ पोचला. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं, दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी भात अगदी बरोबर झाला आणि मग लक्षात आलं की आमटी करायची राहिली. पण वास असा होता की नुसताही गेला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण माझं फोनवरचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. आक्का, तुमची बहीण अंजना असताना ती बोलायची आणि मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. आता मीच फोन घेतो आणि मीच मान हलवतो, त्यामुळे पलीकडच्याला काही कळत नाही. पाटबंधारे खात्यात लिपिक म्हणून जन्म गेला, तेव्हा कागदावर थोडंफार जमतं.

तर विषय असा की मी बोटीने प्रवासाला जाणार आहे. रूपाली आणि प्रसेनजीत यांनी परस्पर ठरवलं आणि तिकिटं काढून मग मला विचारलं. (जावई चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.) बोट गोव्यातल्या मुरगाव बंदरातून २५ तारखेला, शनिवारी सुटते, लक्षद्वीपला जाते आणि पुन्हा मुरगावला आणून सोडते. म्हणजे जिथून निघायचं तिथंच यायचं आहे. मग जायचं कशाला, असं मी रूपालीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जूनपासून त्या घरात एकटे बसलाय." यावर मी मान हलवली, पण तो फोन होता.

ती दोघं पुण्याहून रेल्वेने वास्कोला जातील. मी त्याच गाडीत मिरजेला चढावं असं त्यांचं म्हणणं होतं. मिरजेच्या स्टेशनवर मला आता जायचं नाही, हे मी सांगितलं नाही. एसटीत हवा चांगली लागते एवढंच म्हणालो. म्हणून मी एसटीने, तुमच्या आजऱ्यावरून गोव्याला जाणार आहे.

मला जायचं टाळता येतंय का, हेही पाहिलं. आमच्या शेजारच्या बायडाबाई तुम्हाला आठवत असतील, कोडोलीच्या. त्यांनी ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "भावजी, वरीस झाल्याबिगर दर्या वलांडायचा न्हाय की वो! सुतकाचं काय?" मला एकदम बरं वाटलं. सरकारी भाषेत सांगायचं तर सबळ कारण मिळालं. मी लगेच रूपालीला फोन करून सुतकाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आपल्यात सुतक कधीपासून आलं?" तेही खरंच. छप्पन्न साली वडीलमाणसांनी सगळं सोडलं, तेव्हा माझ्यासारख्याची काही सोय करून ठेवावी, हे कुणाला सुचलं नाही.

तेव्हा जाणं ठरलं आणि सामान भरायची वेळ आली. आक्का, तुम्हाला खोटं वाटेल, पण मी आयुष्यात एकदाही बॅग भरलेली नाही. अंजना भरायची, मी उचलायचो. मी मधेच विचारायचो, "माझा टॉवेल घेतलास का?" ती म्हणायची, "डोळ्यांम्होरं हाय की. डोळं काय पेन्शनीत निघालं व्हय?" आणि टॉवेल खरोखरच डोळ्यांसमोर असायचा.

घरात धड अशी एकच बॅग आहे, ती चाकांची. बोधगयेला जायचं म्हणून आम्ही दोघांनी गांधीनगरला जाऊन घेतली होती. बोधगया राहिलं आणि तिची पहिली फेरी मिरजेच्या दवाखान्यात झाली. तिथून परत आली तेव्हापासून ती कॉटखाली आहे, तशीच भरलेली. आक्का, शेवटच्या दिवशी ती तुम्हीच भरली होती. तिची चेन अडकते, म्हणून ती न्यायची नाही असं मी ठरवलं आणि दुसरी सोय बघायला लागलो. पुढचं सगळं त्यातून झालं.

आधी कपडे. रूपालीने सांगितलं की एका रात्री जेवायला काळा कोट लागतो आणि एरवी पोहायचे कपडे लागतात. कोट तिच्या लग्नातला होता. पोहायचं म्हणाल तर मी गावच्या विहिरीत शिकलो, तिथं कपड्यांचा प्रश्न नव्हता. (आण्णा, आवाज.) तरी महाद्वार रोडवर एका दुकानात गेलो. पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या विक्रेत्याने विचारलं, "मुलाचं वय किती?" मी म्हणालो, "एकसष्ट." त्याने एक चड्डी काढली. तिच्यावर पिवळे मासे होते आणि सगळे एकाच दिशेने चालले होते. मला नको होती, पण दुकानातून रिकाम्या हातांनी बाहेर पडणं मला जमत नाही. अंजनाला जमायचं. ती अख्खं दुकान उलगडायला लावायची आणि "रंग बसत न्हाय" म्हणून शांतपणे उठायची. मी मागून दुकानदाराला नमस्कार करत यायचो. या वेळी नमस्कार करायला मीच आणि उठायलाही मीच, म्हणून मासे घरी आले.

मग बायडाबाईंनी खाण्याचं मनावर घेतलं. बोटीवर सगळं गोडमिट्ट असतं असं त्यांना भाच्याने सांगितलंय. (भाचा बोटीत कधी बसलेला नाही, तो पन्हाळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहे.) त्यांनी कांदा-लसूण चटणीची काचेची बरणी आणि पिशवीभर भडंग आणून ठेवलं, आणि निघायच्या सकाळी भाकरी करून देणार असं जाहीर केलं. मी म्हटलं, जेवण तिकिटात आहे. त्या म्हणाल्या, "तिकिटात आसंल. प्वाटात कुठं हाय?" मी बरणी कपड्यांशेजारी ठेवून दिली. अंजनाकडे याला उत्तर असतं, आणि ते ऐकायला गल्ली जमली असती.

आता ट्रंकेचं. कोपऱ्यावर ज्ञानूचा गोठा आहे, मी दूध त्याच्याकडूनच घेतो. मला बॅग नाही हे त्याच्या कानावर गेलं आणि तो वडिलांची मिलिटरीतली पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आला. रंग हिरवा, वर पांढऱ्या अक्षरांत वडिलांचं नाव. रिकामी असतानाच ती मला उचलेना. ज्ञानू म्हणाला, "सायेब, बोट बुडली म्हंजे बॅग काय कामाची? ट्रंक तरंगती. हिच्यावर बसायचं आन् हात मारत सुटायचं." मी म्हणालो, "ही तरंगणार नाही बहुतेक." इथं माझी चूक झाली. कोल्हापुरात 'होणार नाही' असं म्हणणं म्हणजे पैज लावणं. ज्ञानू तिथल्या तिथं पेटला. "न्हाय म्हंता? चला घाटावर!"

म्हशी धुवायला न्यायच्याच होत्या, त्यामुळे आम्ही म्हशींबरोबर पंचगंगेवर गेलो. ट्रंक रिकामी टाकू असं मी सुचवलं. ज्ञानू म्हणाला, "मोकळी तर घागर बी तरंगती. भरूनच बगाय पायजे." म्हणून मी घरी नीट घड्या घालून भरलेलं सगळं आत तसंच ठेवलं. शर्ट, पायजमे, कोट, मासे आणि बायडाबाईंची बरणी.

ट्रंक तरंगली, हे मान्य केलं पाहिजे. घाटावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून "बगा! बगा की!" म्हणून ओरडत होता. ट्रंक हळूहळू आत सरकली आणि एक म्हैस ओळखीची असल्यासारखी तिच्या मागोमाग पोहायला लागली. पायरीवरून कुणीतरी हाक मारली, "ओ पावणं, सामान चाललं की तुमचं! तुमी कवा निगणार?" मी म्हणालो, "पंचवीस तारखेला." घाटावरचे लोक का हसले ते मला नंतर कळलं. तेवढ्यात ट्रंकेचा एक कोपरा खाली गेला, मग दुसरा, आणि सलाम ठोकून निघावं तशी ती पाण्याखाली गेली. म्हैस तिथंच गोल गोल फिरत राहिली. त्यामुळे जागा सापडायला अडचण आली नाही.

ज्ञानूने बुडी मारून कडीला दोर बांधला आणि दुसरं टोक म्हशीच्या गळ्यात दिलं. ट्रंक काठावर आली. आत गेलेलं पाणी काही केल्या बाहेर येत नव्हतं. ज्ञानू अभिमानाने म्हणाला, "बगा सायेब, गळती म्हून न्हाय!" झाकण उघडलं तर आत सगळं लालभडक. चटणीच्या बरणीच्या झाकणाने जागा सोडली होती. माझे पांढरे शर्ट आता कुठल्यातरी मिरवणुकीतून आल्यासारखे दिसतात. कोट काळाच असल्यामुळे त्याला काही झालं नाही, पण तो झटकला की शेजारपर्यंत ठसका जातो. मासे जसेच्या तसे आहेत.

आणि आक्का, मी हसलो. घाटाच्या पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. जूननंतर पहिल्यांदा. घरी जाऊन हे सांगायचं, असं सारखं मनात येत होतं. ज्ञानूने काय म्हटलं, म्हैस कशी मागं लागली, कुठल्या क्रमाने सांगायचं तेसुद्धा वाटेत जुळवलं. कुलूप काढेपर्यंत ते मनात होतं. मग आत गेलो, ओले कपडे दोरीवर टाकले आणि खुर्चीवर बसलो. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं, म्हणून तुम्हाला लिहितोय.

त्याच संध्याकाळी रूपालीचा फोन आला. सामान भरलं का म्हणाली. मी म्हटलं, वाळत घातलंय. ती म्हणाली, "बाबा, आईची चाकांची बॅग घ्या की." मी आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

आता दुसरी कुठलीही बॅग मागायची मला सोय राहिलेली नाही. ज्ञानू ट्रंकेला डांबर फासून पुन्हा घाटावर न्यायचं म्हणतोय. म्हणून मी दोन दिवस आधी, गुरुवारी २३ तारखेला दुपारच्या गाडीने आजऱ्याला येतो. शुक्रवारी तुमच्याकडूनच पुढे जाईन. एका मुक्कामाची तसदी देतोय, त्याबद्दल क्षमा असावी. स्वयंपाकाचा घाट घालू नये. चालण्याफिरण्यात आक्कांनी घाई करू नये, आण्णांनी गार पाणी टाळावं.

तुमचा,
दादासो

ता. क. — जोंधळ्याच्या भाकरी मात्र चालतील. बायडाबाईंना मी मुक्कामाचं अजून सांगितलेलं नाही, पण त्यांच्या भाकरी गुरुवारी आजऱ्यापर्यंतच टिकतील.

ता. क. २ — वर चेन अडकते असं लिहिलंय. चेन चांगली आहे.

ता. क. ३ — आण्णा, सोबत एक घडी घातलेला कागद आहे, तो उघडू नये, आक्कांच्या हातात द्यावा. त्यांना वाचता येतं. तुम्हाला वाचून दाखवायची हौस आहे म्हणून त्या बोलत नाहीत. मिरजेला दवाखान्याच्या व्हरांड्यात त्या पाट्या वाचत फिरायच्या, ते मी ऐकलंय. जोडाक्षर आलं की थांबायच्या. म्हणून पहिला शब्द सोडला तर त्या कागदावर जोडाक्षर घातलेलं नाही, आणि अक्षर मोठं काढलंय.

आक्का,
ती बॅग मी तशीच घेऊन येतोय. मला उघडवत नाही. घरी आलो की मी दारात बसेन. बॅग आत नेऊन उघडा. कपडे काढून ठेवा, मला दाखवू नका. निळी शाल तेवढी आत राहू दे. बोटीवर वारा खूप असतो, असं रूपाली सांगते.
दादासो