बारा तोळ्यांची कवळी

३ मार्च, मंगळवार

टायवाला हसला म्हणून आबांनी सगळे शेअर विकायचं ठरवलं!

टायवाला म्हणजे टीव्हीवर बाजाराच्या बातम्या सांगणारा. आबा म्हणजे माझे सासरे. वय एक्याऐंशी. चौदा वर्षं रोज सकाळी त्याच्यासमोर बसतात. म्हणे एवढ्या वर्षांत तो माणूस एकदाही हसला नव्हता. आज हसला. "आता आपटणार," आबा म्हणाले. "आनंद मावत नाहीये त्याच्या पोटात. सगळं काढायचं आणि सोन्यात घालायचं. बाजार पडला तरी सोनं पडत नाही."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याची सगळी शिल्लक शेअरमध्ये. "आबा, सोनं नुसतं पडून असतं. कंपन्या काम करतात."

"म्हणूनच दमून कोसळतात."

मी ताटं उचलली. मला कोणी विचारलं नाही, बरंच झालं.

५ मार्च, गुरुवार

सोनं ठेवायचं कुठे यावर दोन दिवस खल चालू आहे. बँकेचं लॉकर नको — बँकच बुडाली तर? घरातलं कपाट नको — चोर आधी तिथेच जातो. पुरून ठेवावं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पुरणार कुठे, खालच्यांच्या छतात?

रात्रीच्या जेवणाला आबांनी माझ्याकडे एकटक पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या कामाबद्दल तर ते कधी बोलतच नाहीत. मी दातांच्या लॅबमध्ये आहे, एकोणीस वर्षं कवळ्या बनवते. त्यांच्या लेखी ते 'लोकांच्या तोंडातलं काम'. पाहुण्यांना सांगतात, सून ऑफिसात असते.

"सूनबाई," म्हणाले, "खालची कवळी आख्खी सोन्याची होते का?"

नवऱ्याला ठसका लागला.

"चोर सगळीकडे हात घालेल," आबा म्हणाले. "दुसऱ्याच्या तोंडात नाही घालणार."

६ मार्च, शुक्रवार

मी 'होते' म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. एकोणीस वर्षं गुलाबी प्लास्टिक घासून घासून कंटाळले असेन!

१२ मार्च, गुरुवार

दंतवैद्यबाईंनी ठसा घेतला. आधी पाच मिनिटं हसल्या, मग गंभीर झाल्या. "वरची नको, जड होऊन सारखी पडेल. खालची चालेल, वजनाने उलट नीट बसते. पण बारा तोळे? आजोबा, जबडा आहे, तराजू नाही."

आबा म्हणाले, "सवय होईल."

संध्याकाळी त्यांनी रुमालात बांधलेली लगड माझ्या हातात ठेवली. सोनाराकडून दातांना चालेल अशी करून आणलेली. कबुतराच्या अंड्याएवढी दिसते, पण हात खाली जातो. "शेअर गेले, सोनं आलं," एवढंच बोलले.

नवरा दार आपटून बाहेर गेला. लॅबच्या मालकांनी मात्र परवानगी दिली. त्यांचेही पैसे बाजारातच, त्यामुळे सध्या फार उदार आहेत.

१९ मार्च, गुरुवार

आबा आता रोज माझ्याबरोबर लॅबमध्ये येतात. राखण करायला!

मी मेणात दात बसवते, तर स्टूल ओढून माझ्या कोपराजवळ बसतात. साच्यात सोनं ओतलं तेव्हा श्वास रोखून उभे होते. शेवटी मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आज घासायला घेतलं, तर खाली वर्तमानपत्र अंथरलं, ब्रशने कणन् कण गोळा केला आणि काड्यापेटीत भरला. जाताना माझा एप्रन झटकला. मग म्हणाले, "केसही झाड."

भर रस्त्यावरच्या लॅबमध्ये, काचेच्या खिडकीशी मी ओणवी होऊन केस झाडतेय आणि सासरे खाली कागद धरून उभे! बाहेर एक बाई थांबून बघत होती.

"उवा नाहीत," आबांनी तिला काचेतून ओरडून सांगितलं. "सोनं आहे!"

२० मार्च, शुक्रवार

आज आबांनी विचारलं, "दाढेवर या खोबणी कशाला करतेस? कोण बघतंय?"

"चावताना अन्न त्यातून सरकतं, आबा. नाहीतर नुसतं चेचलं जातं."

बराच वेळ दाढेकडे बघत राहिले. "आणि हे तू सगळ्यांसाठी करतेस? प्रत्येक दाढेला?"

"प्रत्येक."

 येताना बसमध्ये माझी पिशवी त्यांनी धरली.

२८ मार्च, शनिवार

कवळी बसली! आबांनी आरशात पाहिलं, तोंड उघडलं, आणि खोलीत दिवा लागल्यासारखं झालं. मग पहिला शब्द बोलले.

"ठोनं!"

'स' निघेना. दुपारभर सराव केला. ठोनं, ठुरक्षित, ठेअर बाजार. नवरा स्वयंपाकघरात तोंडात टॉवेल कोंबून हसत होता. कित्येक दिवसांनी हसला.

२ एप्रिल, गुरुवार

घरात नवा कायदा. सोन्याचे दात जेवताना काढून ठेवायचे. चावलं की झिजतात, झिजले की वजन घटतं. म्हणजे आबा बोलायला दात लावतात आणि जेवायला काढतात. समोर वाटीत बारा तोळे ठेवून उकडलेला बटाटा हिरड्यांनी चघळतात.

मी त्या खोबणी उगाच केल्या!

११ एप्रिल, शनिवार

वजनाने जबडा खाली ओढला जातो, म्हणून आबा दिवसभर हनुवटी हातावर टेकून बसतात. त्यामुळे फार विचारी दिसतात. बागेतल्या म्हाताऱ्यांत त्यांचा मान एकदम वाढलाय. मागच्या आठवड्यात एकाने मुलाला घर घेऊन द्यावं का विचारलं, एकाने गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल. आबांना उत्तर देणं जड जातं, म्हणून नुसतं "ठांबा" म्हणतात. थांबले, म्हणे फायदा झाला.

नवऱ्याचा चुलतभाऊ सहा वर्षं फिरकला नव्हता, तो आज मऊ केक घेऊन आला. दोन तास विनोद सांगत बसला. प्रत्येक विनोद संपला की वाकून आबांच्या तोंडात बघे. शेवटी आबांनी तोंड मिटूनच हसायला सुरुवात केली.

नणंदेचा फोन. ती लांबच्या शहरात असते, नोकरी करते. "वहिनी, आबांना वेड लागलंय का गं?"

म्हटलं, "लागलंय. पण छान बसलंय."

२० एप्रिल, सोमवार

बाजार वर. नवरा शीळ घालत अंघोळीला गेला. आबांनी दिवसभर तोंड उघडलं नाही.

४ मे, सोमवार

पडला.

सकाळी टायवाल्याचा टाय सैल होता, तेव्हाच समजायला हवं होतं. दुपारपर्यंत पडद्यावर सगळं लाल. नवरा ऑफिसातून लवकर आला, बूट न काढता सोफ्यावर बसला. मी पाणी दिलं, ते हातात धरून बसला. मग म्हणाला, "लांबचा विचार करायचा असतो," आणि ग्लास सांडला.

मला वाटलं आता आबा आख्खा जबडा दाखवत घरभर फिरणार. पण नाही. हनुवटी हातावर टेकून खिडकीशी बसून होते. मी जेवायला बोलावलं तर मान हलवली. मुलाचं नुकसान झालं म्हणून जपून वागत असतील. एवढा समजूतदारपणा त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

५ मे, मंगळवार

आणखी पडला.

६ मे, बुधवार

आणखी! नवऱ्याने टीव्हीवर चादर टाकलीय. टायवाला चादरीखालून बोलतोय, बंद करायचं मात्र कोणाला सुचत नाही. सोन्याचा भाव रोज चढतोय. बागेत आबांना बघायला गर्दी झाली, एकाने नमस्कारच केला. आबा घाईघाईने घरी आले आणि दार लावून पडून राहिले.

मी विचारलं, "जबडा दुखतोय?"

"ठगळंच," म्हणाले.

१४ मे, गुरुवार

मालकांनी आम्हा चौघींना बोलावलं. खुर्चीत न बसता टेबलाला धरून उभे राहिले. "माझं काही उरलं नाही. महिनाअखेर लॅब बंद. भट्टी, यंत्रं, जागेचा करार, कोणी घेत असेल तर मिळेल त्या किमतीला देतो."

किंमत सांगितली. खूप नाही. पण आमच्याकडे तेवढेही पैसे नाहीत.

आबा त्यांच्या स्टुलावर होते. अजूनही रोज येतात, आता राखण करायला काही नाही तरी. हल्ली मेण वितळवून देतात, साचे धुतात. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं.

इथेच लिहिते — मला हवी आहे ती लॅब. खिडकीसकट, त्या खडखडणाऱ्या पॉलिशच्या यंत्रासकट. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंय.

२० मे, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आबांना विचार ना. त्यांच्याकडे आहे की!"

म्हटलं, माणसाच्या तोंडातून काढायला सांगू?

"मग मी विचारतो," म्हणाला, आणि गेला. दाराशी जाऊन परत आला. दोन महिने त्या दातांना हसलाय, आता कोणत्या तोंडाने मागणार!

२२ मे, शुक्रवार

लॅबमध्ये आम्ही दोघेच होतो. बाकीच्या नवीन काम शोधायला गेलेल्या. आबांनी तोंडात हात घातला, कवळी काढली, नळाखाली धुतली, पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"वितळव."

दात नसल्यावर त्यांचा 'स' नीट येतो. आज सगळे शब्द नीट आले.

"आबा, ते तुमचं संरक्षण आहे. पडझडीसाठी ठेवलेलं."

"मग पडलं ना? आता नाही वापरायचं तर मी काय नुसता जबडा दुखवून घेतला?"

"पण तुम्हाला पुढे—"

"मला पुढे काय? मला स्टूल पाहिजे. हेच. याच जागी." मग म्हणाले, "आणि त्या खोबणी वितळवायच्या आधी एकदा बघून घे. छान झाल्या होत्या."

मला रडू आलं. त्यांनी पटकन खाली वर्तमानपत्र सरकवलं. सवयीने!

२३ मे, शनिवार

सोनाराकडे वजन केलं. काड्यापेटीतल्या कणांसकट पावणेबारा तोळे.

"पाव तोळा कुठे गेला?" सोनाराने विचारलं.

आबा म्हणाले, "बोलण्यात झिजला."

१ जून, सोमवार

लॅब माझी! पाटी रंगवून आली. दोघी जुन्या परत आल्या, तिसरीने दुसरीकडे नोकरी धरली, तिचं टेबल रिकामं आहे. मालक किल्ल्या देताना म्हणाले, "भट्टीला डाव्या बाजूने लाथ घातली की चालते." मला माहीत आहे, एकोणीस वर्षं मीच घालतेय.

नवरा सुट्टी काढून आला आणि खिडकी पुसली. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझी सून दात बनवते."

आबांची नवी कवळी लावली. साधी, गुलाबी प्लास्टिकची. दुपारी एक आख्खं सफरचंद खाल्लं त्यांनी. आवाज करत.

१३ जून, शनिवार

नणंद आली. न कळवता, बॅग घेऊन, थेट लॅबमध्ये. बाजार पडल्यावर तिच्या कंपनीने निम्मी माणसं काढली, त्यात ती. महिनाभर कोणाला बोलली नाही. "आईच्या बांगड्या न्यायला आलेय," म्हणाली. "आठही. तिने जाताना माझ्यासाठी ठेवलेल्या. मोडते आता, इलाज नाही."

आबांच्या हातातलं मेण खाली पडलं.

मग सगळं बाहेर आलं. शेअर त्यांनी एकही विकला नव्हता. 'अजून थोडे वर जातील' म्हणून थांबले होते. ते पैसे बुडाले, आमच्याइतकेच बुडाले. सोनं होतं ते सासूबाईंच्या बांगड्यांचं. ते मी माझ्या हाताने ओतलं, घासलं, वितळवलं आणि विकलं.

 मी किल्ल्या काढून नणंदेपुढे ठेवल्या. दुसरं होतंच काय माझ्याकडे.

तिने किल्ल्यांकडे पाहिलं. भट्टीकडे, खिडकीकडे, बापाकडे पाहिलं.  मग किल्ल्या माझ्याकडे परत सरकवल्या आणि बॅग भिंतीशी लावली.

"माझं टेबल कोणतं, वहिनी?"