एकशे एकतिसावं पान

शनिवार, ९ ऑगस्ट १९९७

प्रिय ओबिरी,

आशीर्वाद. अक्र्यात तुझं बरं चाललं असेल. इथे कोकोला शेंगा चांगल्या धरल्यात. मामाचा उजवा डोळाही आता गेला; भूक मात्र शाबूत आहे.

तुझी कादंबरी मिळाली. एकशे एकतिसाव्या पानावर मी ती सोडली. रागावू नकोस. तुला खोटं कळवण्यापेक्षा हे बरं.

रोज दुपारी अंगणात मामाला वाचून दाखवत होते. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून वाचता वाचताच आपल्या ट्वी भाषेत सांगायचे. शेजारची दोकुआ शेंगदाणे सोलत ऐकायची. तुझा राजपुत्र तीन प्रकरणं घोड्यावरच होता. मामा म्हणाला, "उतरव गं त्या शेंबड्याला. आपल्या रानात घोडा महिनाभर तरी जगतो का?" दोकुआ म्हणाली, "जादूचा असेल." मामा म्हणाला, "मग जादूने जरा लवकर पोचव म्हणावं."

हसत होतो आम्ही. पुस्तक कंटाळवाणं होतं, पण तू रचलेलं होतं. पुढे तुला काही सुचेनासं झालं आणि तू घरातलं उचललंस. तुझ्या त्या खोट्या राज्यातला म्हातारा राजा नदी ओलांडताना मारला जातो. कुठल्या वारी, कुठल्या नदीत, दोन्ही तू एका वाक्यात लिहिलंस. तेही खरंखुरं.

आपला एक राजा तसाच गेला; आपल्या गादीची शपथ आहे ती. तो वार आणि ती नदी गावात कोणी एकत्र उच्चारत नाही. उच्चारली, तर राजावर तेच संकट पुन्हा बोलावल्यासारखं होतं. इंग्रजीत लिहिल्याने काही होत नाही, असं तुला वाटलं असेल. मलाही वाचताना ते ओळखीचं वाटलं नाही. ट्वीत तोंडातून बाहेर पडलं, तेव्हा कळलं.

या मंगळवारी झालं हे. दोकुआच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी म्हटलं, "मामा, पुस्तक टाकाऊ आहे. सोडू या."

मामा काठीसाठी बाजूला चाचपडला. मग म्हणाला, "डोळे गेलेत माझे, पोरी. कान आहेत. ऐकून गप्प बसलो, तर ते माझ्यावर येईल. माझी काठी दे." काठी मीच दिली. त्याला राजवाड्याच्या दारापर्यंत हात धरून मीच नेलं.

बुधवारी राजा राजवाड्याच्या अंगणात लोकांसमोर आला नाही. गुरुवारीही नाही. आजारी आहे असं कोणी म्हणत नाही. तसं म्हणायचं नसतं. ढोलवाले मात्र मर्तिकाच्या ढोलांवर नवी कातडी चढवतायत, आणि दोकुआ माझ्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जाते.

काल पंचांसमोर मला उभं केलं. राजाच्या वतीने बोलणाऱ्या दंडधाऱ्याने विचारलं, "बाई, शब्द कुणाचे?" वाटेत मी ठरवलं होतं, माझेच म्हणायचं. तू धाकटा. आईने जाताना तुला माझ्या पदरात टाकलं होतं. पण सगळा गाव बघत होता, रे. मामाही तोंड माझ्याकडे करून बसला होता.

मी पुस्तक पुढे केलं. मागच्या बाजूला तुझा फोटो आहे. मग त्यांनी पत्ता विचारला.

राजाला काही झालं, तर प्रायश्चित्ताला मेंढी कापून आणि दारू ओतून भागणार नाही. हे काल कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

हे पत्र ड्रायव्हर येबोआकडे देते आहे. सोमवारी पहाटे तो निघेल. तुला आणायला निघालेली दंडधाऱ्याची दोन माणसं त्याच गाडीत असतील. त्यांना अक्र्याच्या स्टँडवर सोडून तो आधी तुझ्याकडे येईल. निघून जायला अर्धा तास मिळेल, फार तर.

पुढचं मला विचारू नकोस. तू कुठे आहेस, ते मला कळवू नकोस. त्यांनी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा सांगेन.

तुझी,
सेरवा