बिलाखाली ‘सवडीने’

३ जून

चि. चिमणीस,
दादाचे आणि वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना वहिनी. पुठ्ठेवाल्यानं मात्र उधारी बंद केली. पुठ्ठा कापायचं यंत्र त्याच्याकडे तारण आहे, ते तुला माहीत आहेच. पंधरा तारखेपर्यंत पैसे दिले नाहीत तर उचलून नेईन म्हणाला. यंत्र गेलं की खोकी बंद, म्हणजे कारखानाच बंद.

मागच्या आठवड्यात जावईबापूंच्या चपलांच्या दुकानात जाऊन आलो. त्यांनी आमच्या खोक्यांची तारीफ केली, मी त्यांच्या चहाची केली आणि घरी आलो. वहिनी म्हणते, पुढच्या वेळी नुसता चहा मागा, चुकून पैसे मिळतील. यातलं काही त्यांच्या कानावर घालू नकोस.

आहेस तशीच हसरी राहा.
तुझा दादा

६ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सरळ सांगितलं नाहीस तरी दुकानाकडे तुझे पैसे अडकलेत हे मला कळलंच. दुकानातले हिशेबनीस काका निवृत्त झाल्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसते. टेबलावर बिलं टोचायच्या दोन तारा आहेत. पुढच्या तारेवर ओरडणाऱ्यांची बिलं, ती आठवड्यात भागतात. मागच्या तारेवर धूळ बसलेली. ती झटकली तर आठ महिन्यांची तुझी बिलं निघाली! प्रत्येकाखाली तुझ्या त्या सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘सवडीने द्यावे’.

मी काकांना घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, मालकांचा नियमच आहे, ज्याला घाई त्याला आधी. दादा, इथे कुणी तुझ्या वाइटावर नाही रे. तू लिहितोस तेच ते वाचतात. यांना सरळ, रोखठोक पत्र लिही. मला नको, यांना.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझी चिमणी

९ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं पटलं, पण हात धजत नाही. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या बिलावर कौतुकानं ते शब्द लिहिले. पुढच्या बिलावर लिहिले नसते तर काय वाटलं असतं त्यांना? मग सुटलेच नाहीत.

घड्याळवाल्याला मी एकदाच स्पष्ट मागितलं होतं. दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले आणि पुन्हा पायरी चढला नाही. गिऱ्हाईक गेलं, दुसरं आलं. तू त्या घरात राहतेस. उद्या भाजीत मीठ जास्त पडलं की माझं पत्र ताटात येईल. यंत्राचं काय, बघू काहीतरी.

सांभाळून राहा, एवढंच मागणं.
दादा

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. पुठ्ठेवाल्याकडे यंत्र तारण आणि इथे मी, असंच ना? तुझ्या फुकट खोक्यांवर मला इथे मान मिळतो असं वाटतं तुला? यांच्याशिवाय घरात कुणाला खोकी कुठून येतात तेसुद्धा ठाऊक नाही!

काल जेवताना मी ती सगळी बिलं यांच्यासमोर ठेवली. सासूबाई होत्या, नणंद होती. हे म्हणाले, तुझा भाऊ येतो, चहा पितो, हसून जातो आणि वसुलीला बहिणीला पुढे करतो. पैसे देईन, पण हे लक्षात ठेवीन. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद आहे. तू स्वतः मागितले असतेस तर हे ऐकावं लागलं नसतं मला.

तरीही तुझीच,
चिमणी

१६ जून

खोके कारखान्याचे मालक यांस,
स. न. वि. वि.

आपली आजवरची सर्व बिले चुकती करीत आहोत. चेक सोबत आहे, पोच द्यावी. यापुढे नातेवाइकांशी व्यवहार ठेवायचा नाही असे ठरल्याने खोक्यांची ऑर्डर दुसरीकडे दिली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

दुकानाकरिता,
हिशेबनीस

दादा, यांनी सांगितलं, मी लिहिलं. सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. यंत्र वाचलं का, तेवढं कळव. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरी आलेली पत्रं आता आधी हे फोडतात.

१९ जून

चि. चिमणीस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

चेक काल मिळाला. पुठ्ठेवाला पंधराला सकाळीच टेम्पो घेऊन आला होता. यंत्र दारातून निघेना, तेव्हा मीच चौकट काढून दिली. त्यानं ते त्याच दिवशी विकलं. चेकमधून कारागिरांचा पगार दिला आणि त्यांना दुसरीकडे काम बघा म्हणालो. वहिनी माझ्याशी बोलत नाही. तुझं बरोबर होतं, असं तिचंही म्हणणं आहे.

पैसे मिळाल्याची पावती सोबत आहे. पहिली फाडावी लागली, सवयीनं खाली तेच शब्द लिहून बसलो होतो.

चार दिवस राहायला ये. पण त्यांना विचारून ये, भांडून येऊ नकोस.

पैसे मागायला जमलं नाही कधी. लोभ तेवढा मागतो.
दादा