बुटातली बाटली

अहो,

आत्ता कुठे तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. वन्संच्या काढ्याची बाटली तुमच्या बुटात सापडली. मलेरियाच्या गोळ्यांबरोबर आणखी काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा साळसूदपणे नाही म्हणालात. इकडे डोळे पिवळे झाले, लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, आणि ते बिचारे गोळ्यांनाच दोष देत बसलेत. बाटली घेऊन त्यांच्याकडेच निघालेय. त्यांचा फोन आला की उचला आणि खरं बोला. तोवर काढ्याचा थेंब नको आणि गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका.

वन्संना नाही म्हणायला तुमची जीभ रेटत नाही, ठाऊक आहे मला. त्यांनी विचारलं तर सांगा, बायकोने मोरीत ओतला. त्यांच्या लेखी मी वाईट आहेच, त्याचा निदान काही उपयोग तरी होऊ दे.